शरण आलेला मरळ

आमच्या भवानीनगरात पाहुणा आला की त्याला एकच प्रश्न विचारायची पद्धत आहे : ‘खाता ना?’ काय खाता, हे कोणी विचारत नाही. ‘खातो’ म्हणाला की बोकडाची चौकशी सुरू होते, ‘नाही खात’ म्हणाला की वांग्याची. या प्रश्नाला तिसरंही उत्तर असतं, हे मला मुलीच्या लग्नानंतर कळलं.

मुलगी दिली देवगडकडच्या घरात. व्याही पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला येणार, म्हणून तिचा आधी फोन आला.

“बाबा, त्यांना मटण पचत नाही. आणि कोंबडी त्यांच्या लेखी भाजी आहे. ते फक्त मासे खातात.”

“आणू की.”

“पण बर्फातले नकोत.”

“बरं.”

“नदीतले तर नकोतच. त्यांना मातीचा वास येतो म्हणतात.”

“मग राहिलं काय?”

“समुद्र,” मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला.

भवानीनगरहून समुद्र गाठायचा तर रस्त्यानं शेकडो किलोमीटर जावं लागतं. मधे सह्याद्री आहे. माझ्याकडे मोटारसायकल आहे.

दुसरी अडचण घरातलीच. आमची आई माळकरी. दर आषाढी वारीत तुकोबांची पालखी आमच्या शेजारी सणसरला मुक्कामाला असते, दुसऱ्या दिवशी बेलवाडीला गोल रिंगण होतं. अशाच एका मुक्कामात आईनं तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा आलेलं नाही. आम्ही खातो, पण मागच्या दारी. तिथं छपराखाली तीन दगडांची चूल आहे, गोठ्याच्या खुंटीला वेगळी पातेली टांगलेली आहेत. खाऊन झालं की राखेनं घासून ती पुन्हा खुंटीवर, आणि आम्ही आंघोळ करून घरात.

तिसरी अडचण बायकोची. तिचं माहेर माण तालुक्यातलं. जिथं माणसांना पाणी टँकरनं यायचं तिथं मासा कुठून येणार? मी तिला मेनू सांगितला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “अहो, माशाला शिट्ट्या किती?”

चौथी अडचण पंचांगाची. व्याही आले गुरुवारी. गुरुवार दत्ताचा, त्यामुळे बंद. शुक्रवारी नेमकी एकादशी. शनिवार मारुतीचा. सोमवारी तर मी स्वतःच धरतो, आणि त्या दिवशी पाहुणे परत निघणार. खाण्याचे वार आमच्याकडे मुळात तीनच : बुध, शुक्र आणि रवि. त्यातला बुध गेलेला, शुक्र एकादशीनं खाल्लेला. उरला रविवार. थोडक्यात, मासे खाणाऱ्या पाहुण्याला आम्ही तीन दिवस साबुदाणा, वरण आणि पिठलं यांवर ठेवलं. चौथ्या दिवशी माणसाला काहीही गोड लागावं, असा त्यात माझा डाव नव्हता. पण असता तरी चालला असता.

शनिवारी दुपारी मी व्याह्यांना मोटारसायकलच्या मागे बसवलं आणि भिगवण गाठलं.

भिगवणचा मासा ही आमच्या तालुक्याची अलीकडची श्रीमंती. 1980 साली उजनी धरण पुरं झालं. धरणाची भिंत तिकडे माढा तालुक्यात, पण पाणी भीमेच्या पात्रानं मागे सरकत आमच्या इंदापुरात शिरलं. शिवारं गेली, गावं उठली. जुन्या पळसदेवचं देऊळ बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचं शिखर अजून वर येतं. जिथं ज्वारीची कणसं होती तिथं जाळी पडू लागली. आता थंडीत कुंभारगावला रोहित पक्षी उतरतात. लांबून येऊन ते उजनीच्या चिखलात चोच घालतात आणि वासाबद्दल एका शब्दानं तक्रार करत नाहीत. हे मी व्याह्यांना मुद्दाम ऐकवलं. ते म्हणाले, “त्यांका देवगड दाखवलेलां नाय कोणी.”

बाजारात शिरल्यावर मात्र हा माणूस बदलला. पाठ ताठ झाली, नाक पुढे आलं. प्रत्येक पाटीपाशी वाकून ते माशाचे कल्ले उघडत होते, डोळ्यांत डोळे घालत होते, बोटानं दाबून खड्डा भरून येतो का ते पाहत होते. रोहू नाकारला : “काटे इंग्रजी वायसारखे दुफाटी, खाणाऱ्याची परीक्षा.” कटला नाकारला : “हे डोकां आसा, मासो खंय?” वाम पाहून त्यांनी डोळेच मिटले. शेवटी चिलापीच्या ढिगापाशी आले.

“ह्या काय?”

“चिलापी,” मी म्हणालो. “मूळची आफ्रिकेची. 1952 साली भारतात आणली. तिलापियाची आमच्या लोकांनी चिलापी केली.”

हिची मादी अंडी तोंडात घेऊन उबवते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत जवळपास उपाशी राहते, हेही मी सांगितलं. मास्तरकीची जुनी खोड. ते ऐकून व्याह्यांच्या चेहऱ्यावर थोडी कणव आली. ती चिलापीबद्दल होती की तीन दिवस साबुदाणा खाल्लेल्या दुसऱ्या एका जिवाबद्दल, कळलं नाही. पण चिलापीही नाकारली गेली.

एव्हाना विकणाऱ्या बाईचा धीर संपला होता. ती म्हणाली, “पाव्हणं, मासा घ्यायचाय का सोयरीक करायचीय?”

व्याही सरळ झाले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सोयरिकीत येवढा बगूक व्हया होता.”

तेवढ्यात शेजारच्या टबात काहीतरी उसळलं. मरळ होता. काळसर, सापासारख्या डोक्याचा, दीड हात लांब. मरळाची गंमत अशी की तो वरची हवाही घेतो, त्यामुळे बोटभर पाण्यात तासन् तास जगतो. व्याह्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं व्याह्यांकडे. बर्फाचा प्रश्नच नव्हता. काटेही कमी. “हो माज्यापेक्षा ताजो आसा,” व्याही म्हणाले. सौदा झाला. बादलीत पाणी, पाण्यात मरळ, बादलीला वरून फडकं, फडक्यासकट बादली व्याह्यांच्या मांडीवर, असे आम्ही घरी आलो. वाटेत उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांतून वाट काढताना मरळ तीनदा उसळला. तिन्ही वेळा व्याही त्याला “रव रे, रव” म्हणत होते. माझ्या वळणांना ते असं काही म्हणाले नाहीत.

आईनं उंबऱ्यातूनच बादली पाहिली. “जित्ता हाय तवर त्यो पाव्हणाच,” म्हणाली, “उद्या काय ते करा.” बादली गोठ्यात ठेवली आणि फडक्यावर पाट ठेवून मी झोपलो.

पहाटे आईच्या हाकेनं जाग आली. ती अंगणात तांब्या घेऊन उभी होती. तुळशीवृंदावनाच्या पायाशी, पाणी वाहून जायच्या चारीत, ओल्या मातीत मरळ पडला होता. पाट उलथवून, गोठा ओलांडून, सगळं अंगण सरपटत तो तिथवर आला होता. कल्ले उघडझाप करत होते.

मी त्याला उचलायला वाकलो.

“हात लावू नगंस,” आई म्हणाली. “शरण आलाय.”

“अगं आई, पाहुण्यांसाठी…”

“पाव्हण्याला दुसरं कायबी घाल. तुळशीच्या पायाशी आलेल्याला मारत नाहीत.”

गलका ऐकून व्याही उठून आले. डोक्याला मफलर, हातात ब्रश. ज्याच्यासाठी त्यांनी अर्धा बाजार नाकारला तो मासा आपल्या ताटातून उठून तुळशीपाशी जाऊन बसलेला. आता हा माणूस काय म्हणतो, या भीतीनं मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ब्रश खिशात घातला आणि मरळाला चक्क हात जोडले.

“मास्तर, आमच्याकडे देवाक कौल लावतत,” ते म्हणाले. “ह्यो कौलच. आयेनी सांगितलां तसा करा.”

देवगडचा कौल आणि देहूची माळ यांची अशी युती झाल्यावर माझं कोण ऐकणार? मरळाला बादलीतून नेऊन आमच्या विहिरीत सोडलं. आईनं वरून दोन तुळशीपत्रं टाकली.

आठ वाजता मोपेडला क्रेट बांधून मासेवाला येतो, तो चौकात गाठला. त्याच्याकडे उजनीची एकच जात होती. अर्थात चिलापी.

मग मागच्या दारी चूल पेटली. बायकोच्या हाताशी फोनवर तिची बहीण होती आणि खरं मार्गदर्शन उंबऱ्यातून होत होतं. आई उंबऱ्याच्या आत पाट टाकून बसली होती. शिवायचं नाही, चाखायचं नाही, बघायला मात्र मनाई नाही. माळ घालण्याआधी तिनं उभी हयात मासे केले होते. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन संपलं, पाणी उतरलं की चाऱ्यांच्या डबक्यांत मासे अडकायचे. पोरं फडक्यानं धरून आणायची आणि आई करायची. माळेनं तिचा हात सोडवला होता, जीभ सोडवली होती. नाक मात्र राहिलं होतं.

“आधी मीठ-हळद चोळ. आता चिंचंचा कोळ लाव. लाव, हात आखडू नगंस. त्या मातीच्या वासाला चिंचच लागती.”

गोड्या माशाला येणारा तो मातीचा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, पाण्यातले सूक्ष्म जीव ते तयार करतात आणि आंबटानं ते मोडतं. आईला यातलं नाव माहीत नव्हतं, चिंच माहीत होती. आणि गंमत म्हणजे पहिल्या पावसात जमिनीतून येतो तो मृद्गंध त्याच जिओस्मिनचा. मातीतून आला तर माणसं डोळे मिटून श्वास घेतात, माशातून आला तर ताट सारतात.

पुढे मात्र गाडी आमच्या रुळावर आली. बायकोनं सुकं खोबरं भाजलं, कांदा भाजला, तीळ, आलं, लसूण, कोथिंबीर पाट्यावर वाटली, वरून कांदा-लसूण मसाल्याची मूठ. पळीभर तेलात ते परतलं तेव्हा शेजारची दोन घरं शिंकली. ओल्या नारळाचं, कोकमाचं, तिरफळांचं तिथं कोणाला नावही आठवलं नाही. व्याही खाटेवर बसून लांबून पाहत होते. रश्श्यात तुकडे पडल्यावर त्यांना राहवलं नाही. “वयनी, ढवळू नका! पातेलां धरून हलवा!” तोवर पळी दोनदा फिरली होती. एका माशाचे तीन मासे झाले होते.

त्यातच शेजारच्या रानात कोणी तरी उसाचं पाचट पेटवलं. या दिवसांत आमच्याकडे आभाळातून काळ्या काड्या पडतात. वाढायच्या वेळी दोन काड्या नेमक्या रश्श्यात पडल्या, आणि त्या नेमक्या व्याह्यांच्या वाटीत गेल्या.

ते वाटीत पाहत राहिले. “तिरफळा घातलात?”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

“हो,” बायको म्हणाली.

तिरफळ चावायचं नसतं, त्याचा वास उतरला की बाजूला काढायचं असतं. व्याह्यांनी दोन्ही काड्या बोटांच्या चिमटीत धरून, रीतसर, ताटाच्या कडेला ठेवल्या. चेहऱ्यावर समाधान होतं. माहेरचं माणूस भेटल्यासारखं.

मग त्यांनी ज्वारीची भाकरी मोडली, रश्श्यात कुस्करली आणि खायला लागले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे. आई उंबऱ्यातून. पहिली भाकरी संपली, कोणी बोललं नाही. दुसरी संपली. तिसरीला त्यांनी स्वतः हात पुढे केला. कपाळावरून घाम वाहत होता, नाक वाहत होतं, आणि डाव्या हातानं ते दोन्ही पुसत होते.

शेवटी मीच विचारलं, “कसा झालाय मासा?”

त्यांनी पाणी प्यायलं, विचार केला आणि कोर्टात निकाल वाचावा तसं, खास माझ्यासाठी शुद्ध भाषेत म्हणाले, “मास्तर, मासा म्हणून याला शून्य मार्क. हा मासा नाहीच. पण मटण म्हणून असं मटण मी आयुष्यात खाल्लं नाही.”

मी म्हणालो, “पण मटण तुम्हाला पचत नाही ना?”

“बोकडाचं पचत नाही,” ते म्हणाले. “माशाचं चाललं.”

पाहुण्याच्या गावचा पदार्थ त्याच्याहून चांगला करून दाखवायच्या भानगडीत यजमानानं पडू नये, हा धडा मी त्या दिवशी घेतला. त्यात पास झालो तरी पाहुणा आईची आठवण काढणार आणि आपण नापास ठरणार. आपल्या हातचं, आपल्या मसाल्याचं, आपल्या वारी वाढावं. मार्क कुठल्या विषयाचे द्यायचे ते तो ठरवेल. पुढच्या खेपेला व्याही थर्माकोलच्या खोक्यात सुरमई घेऊन आले. चक्क बर्फातली. बायकोच्या हाती खोकं देऊन म्हणाले, “वयनी, ह्याचां त्या दिवसासारखां मटण करा.” आणि हळूच पुढे, “तिरफळा विसरू नकात.”

मरळ अजून आमच्या विहिरीत आहे. व्याह्यांचा फोन आला की ते आधी त्याची खुशाली विचारतात, मग माझी. आई रोज सकाळी त्याला भाकरीचा कुटका टाकते. तुळशीपाशी आला तेव्हाच त्यानं माळ घेतली, आता तो भाकरीवरच राहतो, असं तिचं म्हणणं आहे. त्याला भाकरी खाताना मी काही पाहिलेलं नाही. विहिरीतले बेडूक मात्र कमी झालेत.