पोटातली छत्री

बायको : अहो, बँकेत चाललात ना, दुपट्टा!

नवरा : नको. आजपासून दुपट्टा बंद. टोमॅटो खाल्लाय मी.

बायको : नागपूरच्या मे महिन्यात? खाण्यापेक्षा डोक्यावर बांधायचा होता.

नवरा : थट्टा नको. टोमॅटोत लायकोपीन असतं. ते कातडीत मुरतं आणि उन्हाला आतून अडवतं. पोटातली छत्री म्हण. जर्मनीत प्रयोग झालाय!

बायको : झालाय ना, मीही वाचलाय. रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट, सोबत १० ग्रॅम ऑलिव्ह तेल. चार आठवड्यांनी पाहिलं तर फरक नाही. दहा आठवड्यांनी कातडीची लाली ४० टक्क्यांनी कमी. आज तारीख किती?

नवरा : पाच मे.

बायको : म्हणजे तुमची छत्री १४ जुलैला उघडेल. पावसात बरी कामाला येईल.

नवरा : पण उघडेल तर खरी!

बायको : उघडेल की. मँचेस्टरलाही वीस बायकांवर पाहिलं. बारा आठवड्यांनी ऊन सोसायची ताकद साधारण एक-तृतीयांशानं वाढली. दहा मिनिटांत भाजायचं ते तेरा मिनिटांत भाजेल. बँक किती लांब आहे?

नवरा : ...वीस मिनिटं.

बायको : मग शेवटची सात मिनिटं धावा.

नवरा : तुला माझं काही पटतच नाही. बाबा खिशात कांदा घेऊन निघायचे, त्यांना नाही कोणी हसलं.

बायको : खिशात कांदा होता, पण डोक्याला दुपट्टा होता. आणि कच्च्या टोमॅटोतलं लायकोपीन अंगी फारसं लागत नाही. तो तेलात शिजवावा लागतो. म्हणजे काय? टोमॅटोची चटणी! पित्त होतं म्हणून एकतीस वर्षं ताटाच्या कडेला सारताय ती.

नवरा : चटणीत तिखट फार असतं तुझ्या.

बायको : जर्मनांनी केली की औषध, मी केली की तिखट!

नवरा : आता हे कुठून कुठे गेलं? बरं, कर आज चटणी. खातो.

बायको : शेवटचा टोमॅटो सकाळी तुम्हीच खाल्लात. बँकेतून येताना किलोभर आणा.

नवरा : आणि मंडईपर्यंत चालत जाऊ? एवढ्या उन्हात?

बायको : दुपट्टा दारामागच्या खुंटीला आहे.