हवेतला रेडिओ, जमिनीवरची गॅलरी

ग्लायडरला इंजिन नसते. कागद मात्र पुष्कळ असतात. त्यातला पहिला टाइप सर्टिफिकेटचा. आराखडा आणि चाचण्या तपासून विमान नियामकाने त्या नमुन्याला दिलेली ही मान्यता. त्यानंतर आराखड्यात फेरफार करायचा तर मालकाची हौस पुरत नाही. भारतात त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे जावे लागते.

फेरफार दोन जातींचे. वजन, तोल, मजबुती यांवर जाणवण्याजोगा परिणाम होत नसेल तर किरकोळ. बाकी सगळे मोठे. मंजुरी किरकोळालाही लागतेच. मोठा फेरफार मूळ उत्पादकाऐवजी दुसऱ्या कोणाला करायचा असेल, तर त्याने आकडेमोड, रेखाचित्रे आणि चाचण्यांसह सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट काढायचे. साधा रेडिओ बसवायचा म्हटला, तरी तो किती ग्रॅमचा, त्याच्या चुंबकाने होकायंत्र बिघडते का, ग्लायडर आपटल्यास तो निसटून वैमानिकाच्या डोक्यात बसेल का, याची उत्तरे लेखी द्यायची. मग तोल पुन्हा मोजायचा, कारण गुरुत्वमध्य फार मागे सरकला तर गिरकीत सापडलेले ग्लायडर सावरत नाही. शेवटी उड्डाणपुस्तिकेत पान, लॉगबुकात नोंद. युरोपने २०१५ साली काही सरधोपट फेरफारांना ठरावीक कृती आखून देऊन स्वतंत्र मंजुरीतून मोकळे केले. सही तिथेही सुटली नाही.

जमिनीवरची पद्धत बरीच सुटसुटीत आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत गॅलरी हॉलमध्ये घ्यायला एक रविवार, एक ब्रेकर आणि एक गवंडी पुरतो. भिंत भार पेलणारी आहे का, ही शंका फक्त खालच्या मजल्यावरच्या काकूंना येते. "काय नाय होत," असे प्रमाणपत्र गवंडी जागेवरच देतो, तेही तोंडी. ग्रिलमध्ये कुंड्या जातात, माळ्यावर टाकी चढते; गुरुत्वमध्याची चौकशी कोणी करत नाही. सोसायटीची हरकत असतेच, पण ती सेक्रेटरींची स्वतःची गॅलरी आत येईपर्यंत.

कागदावरची श्रद्धा मात्र इकडेही कमी नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत ६५ इमारतींसाठी पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवण्यात आली. फेरफार किरकोळ की मोठा, हा प्रश्नच उरला नाही. मूळ मंजुरीच नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तोवर तिथे कुटुंबे राहायला आली होती आणि गृहकर्जाचे हप्तेही सुरू झाले होते.

तेव्हा घर घेणाऱ्याने महारेराचा क्रमांक पाहून थांबू नये. बिल्डरने दाखवलेली परवानगी पालिकेच्या नगररचना विभागात नेऊन, तिथल्या नोंदीशी ताडून घ्यावी, आणि टोकनचे पैसे त्यानंतरच द्यावेत.