मुलीच्या मामाचे वाळवंटी निवेदन

चि. सौ. कां. भाचीबाईंस,
बंगळूरहून मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या जैसलमेरच्या लग्नाचं ‘पाहुण्यांसाठी माहितीपत्रक’ फोनवर पोचलं. पानं अकरा. तुझ्या आईच्या लग्नाची पत्रिका पोस्टकार्डाएवढी होती. तरी बसवनगुडीच्या कल्याणमंटपात सगळे वेळेवर आले, जेवले आणि नारळ-विड्याची पिशवी घेऊन घरी गेले. पण तो काळच अडाणी. पाहुण्यांनी काय नेसावं हेसुद्धा कुणी सांगत नसे.

तुम्ही सांगितलंत, बरं झालं. लग्नाला म्हणे सगळ्यांनी वाळूच्या रंगाचे कपडे घालायचे. वाळूच्या रंगाची शंभर माणसं वाळूत उभी केल्यावर फोटोत कोण सापडणार, ते फोटोग्राफर बघून घेईल. हॅशटॅग दोन आहेत, क्यूआर कोड तीन. ‘स्वेटर’ हा शब्द मात्र अकरा पानांत मला कुठे दिसला नाही.

म्हणून थोडी माहिती मीच गोळा केली. डिसेंबरात तिथे दुपारी २५ अंशांच्या आसपास असतं आणि पहाटे ७-८. हवा कोरडी, आभाळ मोकळं. त्यामुळे दिवसभराची ऊब सूर्यामागोमाग चालती होते. आपण बंगळूरकर १८ अंशांना कानटोपी शोधणारी माणसं. तुझ्या मावश्या बिनबाह्यांची पोलकी शिवून बसल्या आहेत. त्यांना कळव.

‘कसे पोहोचाल’ या सदरात एक उंटाचं चित्र आहे आणि ‘वाळवंट तुम्हाला हाक मारतंय’ एवढी एकच ओळ. हाक ऐकू आली, पण रस्ता? देवनहळ्ळीचा विमानतळ गाठणं हाच आमचा निम्मा प्रवास. तो मी धरतच नाही. जैसलमेरचं विमान मिळालं तर उत्तम. नाहीतर जोधपूरला उतरायचं, रस्त्याने २८० किलोमीटर जायचं, आणि तिथून सम गावच्या तुमच्या तंबूंपर्यंत आणखी ४०. आजीने एकच विचारलं, ‘‘मध्ये बाथरूमसाठी गाडी थांबेल ना रे?’’ त्याचा क्यूआर कोड काही सापडला नाही.

गोरज मुहूर्ताची चिंता नको. डिसेंबरच्या मध्यावर जैसलमेरला आणि बंगळूरला सूर्य जवळपास एकाच वेळी मावळतो, सहाच्या थोडा आधी. उजाडायला मात्र तिथे तासभर उशीर, साडेसात वाजत येतात. तुमच्या सातव्या पानावर ‘सकाळी ६ : सूर्योदयासोबत योग’ असं छापलंय. त्याला सूर्य येणार नाही. मीही नाही.

नवरदेव उंटावरून येणार आहेत. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो आणि वरचा माणूस पुढे फेकला जातो. खाली बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, म्हणजे पुन्हा तेच. दोन्ही वेळा मागे रेलायचं. जावईबापूंना हे मुंडावळ्या बांधायच्या आधी सांगा.

जेवणाबद्दल माझी तक्रार नाही. केराची फळं आणि खेजडीच्या शेंगा म्हणजे सांगरी. वाळवून वर्षभर ठेवायच्या आणि दुष्काळात त्यावर निभवायचं, असं ते अन्न. ते मी आवडीने खाईन. पण त्याच्या शेजारी सुशीचा काउंटर कशासाठी? समुद्र काय तिथून जवळ आहे? आणि मठ्ठा कुठेच नाही.

नवऱ्याचे बूट लपवण्याची जबाबदारी या वेळी कुणाला देऊ नका. वाळू ते काम करील, आणि सगळ्यांचेच लपवील.

आता माझं काम. मंगलाष्टकं सुरू होताना भटजी पुकारतात, मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावं. तुझ्या आईला माझ्या मामाने अक्षरशः उचलून बोहल्यावर नेलं होतं. तेव्हा खाली फरशी होती आणि मामा चाळिशीत होता. माझं वय ६३, उजवा गुडघा गेल्या वर्षी बदललाय आणि तुमच्या नकाशात नवरीचा तंबू एका टेकाडावर तर बोहला दुसऱ्यावर दाखवलाय. मी गच्चीवर बांधकामाची वाळू पसरून चालून पाहिलं. प्रत्येक पावलाला पाय घोट्यापर्यंत रुततो. तीन पावलं पुढे गेलं की एक मागे येतं. हातात तू नव्हतीस, नारळ होता. तो पडला.

पत्रक बनवणाऱ्या कंपनीला मी फोन करून विचारलं, तंबूपासून बोहला किती पावलांवर आहे? पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘‘अंकल, ते सरप्राइज आहे.’’

बाळ, तुला हाताला धरून चालवत आणलं तरी चालेल असं भटजींकडून मी वदवून घेतलंय. स्वेटर आणतो, आजीलाही आणतो, आणि वाळूच्या रंगाचा कुर्ता तुझ्या मामीने धोब्याकडे टाकलाय. तू फक्त तंबूपासून बोहल्यापर्यंत एक जाड जाजम अंथरून घे.

तुझा,
मामा
मल्लेश्वरम, बंगळूर