बांडगुळाखालचं चुंबन

कादंबरीकार साहेब,



तुमचं नाव इथे लिहीत नाही, आणि कादंबरीचंही नाही. तुमची बदनामी होईल म्हणून नव्हे. नाव वाचून आणखी कोणीतरी ती विकत घेईल, ही धास्ती.

मी यवतमाळची. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे काहीही शेवटपर्यंत वाचायची सवयच लागलेली आहे. भाची अकरावीत आहे. नाताळच्या सुट्टीत तिच्या हाती मोबाइलऐवजी पुस्तक द्यावं म्हणून 299 रुपये मोजले. मुखपृष्ठावर चांदणी, लाल मफलर, भुरभुरणारा बर्फ. मागच्या बाजूला लिहिलेलं की ही कोवळी प्रेमकथा यवतमाळात घडते. आम्ही एवढ्यावरच भुलतो हो. आमच्या जिल्ह्याचं नाव छापून येतं ते एरवी कशासाठी, हे तुम्हालाही ठाऊक आहे. कोणीतरी इथे शेतकऱ्यांच्या आत्महत्या सोडून प्रेम घडवतंय, याचंच अप्रूप वाटलं. त्याबद्दल तुम्हाला अर्धा गुण. तो आताच घ्या, पुढे मिळायचा नाही.

पहिल्याच प्रकरणात तुमची नायिका 23 डिसेंबरच्या रात्री एक्सप्रेसमधून यवतमाळ स्टेशनवर उतरते. साहेब, कोणत्या एक्सप्रेसमधून? ब्रॉडगेज 2024 साली वर्ध्याहून कळंबपर्यंत आली, त्याचंच आम्हाला केवढं कौतुक. आमची हक्काची गाडी म्हणजे शकुंतला, मूर्तिजापूरची नॅरोगेज. इंग्रजांच्या काळात कापूस वाहून न्यायला टाकलेली, आणि आता कित्येक वर्षं बंद पडलेली. तुम्ही कथा थोडी मागच्या काळात नेली असती, तर शकुंतलेत दोघांना समोरासमोर बसवता आलं असतं. शंभरावर किलोमीटर, त्या चालीने! प्रेम जमायला इतका निवांत वेळ दुसरी कुठली गाडी देणार होती?

मग तो बर्फ. नायक तिच्या केसांवरचा हिमकण फुंकरीने उडवतो. इथे डिसेंबरात थंडी पडते, कडाक्याची पडते. पारा दहाच्या खालीही उतरतो, चौकाचौकात शेकोट्या पेटतात. पण हिमकण? भाची पान उलटत म्हणाली, "मावशी, कोंडा असन वो."

आणि गंमत अशी की त्या दिवसांत यवतमाळात पांढरं काही कमी नसतं. बस शहराबाहेर पडली की दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी असते, बोंडं फुटलेली असतात. दुसरा-तिसरा वेचा चालू असतो. कमरेला फडकं बांधून बाया सकाळपासून वाकलेल्या, वाळक्या बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटलेली. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि रस्त्याकडेच्या बाभळींनाही सांडलेल्या कापसाचे पुंजके अडकलेले. देशभरातली मंडळी नाताळच्या झाडावर बर्फ म्हणून जे चिकटवतात ना, तो कापूसच असतो, साहेब! अख्ख्या देशाचा खोटा बर्फ जिथे खराखुरा उगवतो, तिथे येऊन तुम्ही कागदी बर्फ पाडलात. 240 पानांत कापूस हा शब्द एकदाही नाही. मी मोजलं, उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बाईला मोजायचा कंटाळा नसतो.

सर्वांत रम्य प्रसंग अर्थात चुंबनाचा. दारावर मिसलटो टांगलेला, त्याखाली दोघं थबकतात वगैरे. हा मिसलटो म्हणजे काय वनस्पती, हे तुम्ही कोणाला विचारलं होतं का? दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसून त्याचा रस पिणारी. आपल्याकडे तिच्याच गोतावळ्यातली आंब्यावर वाढते आणि आपण तिला बांडगूळ म्हणतो. कादंबरीभर नायक वडिलांच्या पैशावर कॉफी पितो, तेव्हा ही प्रतिमा योजून वापरली असेल, तर मी शब्द मागे घेते.

पण खरा राग वेगळाच आहे. तुम्हाला वाटलं, यवतमाळात नाताळ म्हणजे काही नसणारच, तेव्हा परदेशातून सगळं आणावं लागेल. अहो, इथे मिशनची मंडळी शंभर वर्षांहून जुनी आहे. 1953 साली इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. तीस वर्षं देशभरातली मुलं इथे शिकायला येत होती, घरापासून हजार-दोन हजार किलोमीटर लांब. यवतमाळच्या थंडीत, परक्या भाषेत, नाताळच्या रात्री. त्यांतल्या कोणाचं कोणावर मन बसलं नसेल? 1983 साली ती संस्था पुण्याला गेली, बिबवेवाडीत. तुमच्या पुण्यातल्या घरापासून रिक्षाने जाता आलं असतं.

आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नाताळात कुकीज नसतात. करंज्या असतात, चकल्या असतात, दारात बांबूच्या कामट्यांची चांदणी असते, आणि गाणी म्हणत पोरं फिरतात तेव्हा सोबत ढोलकी असते. आता पोरापोरींची अशी टोळी रात्री अकरा वाजता गल्लीबोळांतून फिरतेय, आणि एकाच शालीत दोन घरांची करंजी बांधलेली आहे. यात प्रेमकथेला आणखी काय लागतं? तुमची जोडी मात्र हॉट चॉकलेट पीत बसते, फायरप्लेससमोर. शेकोटी म्हटलं असतं तर पात्रांच्या तब्येतीला काही झालं नसतं. भाषेचंही तसंच. नायक म्हणे आमच्या जिल्ह्यातल्या दारव्ह्याचा, आणि बोलतो सदाशिव पेठेतलं. एकदाही 'काऊन' नाही, एकदाही 'पोट्टे' नाही. भाचीने विचारलंच, "हा पोट्टा खरंच आपल्याकडचा व्हय?"

मराठी पुस्तकांनाही ख्रिस्ती माणसं परकी नाहीत. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती 'यमुनापर्यटन' 1857 साली बाबा पदमनजींनी लिहिली. ते ख्रिस्ती. आणि ख्रिस्ती घरातली प्रेमकथाच हवी होती, तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' कपाटात असायला हवी. 1895 साली नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला, संसार दुभंगला, काही वर्षं ताटातूट झाली. मग ही बाई सोवळं-ओवळं सांभाळतच त्याच्याजवळ राहायला गेली, आणि आपल्या पायांनी, आपल्या वेळेवर, 1900 साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्या दोघांच्या भांडणात जेवढं प्रेम आहे, तेवढं तुमच्या साऱ्या मिठ्यांत मिळून नाही. तुमच्याकडे ताटातूट म्हणजे काय, तर नायकाने तिचा मेसेज पाहून उत्तर दिलं नाही. चाळीस पानं!

तुम्हाला 299 रुपये परत मागत नाही. इथे कापूस वेचायला किलोमागे दहा-बारा रुपये मिळतात, म्हणजे तुमचं पुस्तक साधारण 25-30 किलोंचं झालं. एवढा कापूस वेचून दाखवा, हिशेब फिटला असं समजेन. येताना कळंबपर्यंत रेल्वेने या, पुढे एसटी आहे. मफलर आणा, लालच असू द्या.

कळावे, लोभ नसावा.

आपली,
यवतमाळची एक वाचक

ता. क. भाचीने तिसऱ्या प्रकरणात पेन्सिलीने 'बर्फ' खोडून सगळीकडे 'कापूस' लिहिलं आहे. सतरा ठिकाणी. ते प्रकरण आता बऱ्यापैकी वाचवतं.