आकाशाचं पासबुक

आमच्या सोसायटीतल्या काकांनी उभा जन्म बँकेत लेजर जुळवण्यात काढला. निवृत्तीनंतर लोक योगाला लागतात, काका आकाशाला लागले. पण दुर्बीण घ्यायचं नाव नाही.

"कशाला? न्यू मेक्सिकोत अडीच मीटरची आहे की! रात्री त्यांनी जागायचं, सकाळी आपण चहा घेत बघायचं."

ही स्लोन नावाच्या आकाश-सर्व्हेची दुर्बीण. 2000 सालापासून या सर्व्हेने जे जे गोळा करून जाहीर केलं, ते आज जगात कुणालाही फुकट बघता येतं. 'फुकट' या शब्दाशी काकांचं जुनं सख्य. शिळा माल म्हणावा, तर उत्तर तयार: "प्रकाशच कोट्यवधी वर्षं शिळा, त्यात आणखी दहा-पंधरा!"

2022 च्या जूनमध्ये गाया यानाची तिसरी यादी आली, सुमारे 180 कोटी ताऱ्यांची. काका हरखले ते ताऱ्यांमुळे नव्हे. "प्रत्येक आकड्याशेजारी त्यात चूक किती असेल, तेही छापलंय! आम्ही असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी सस्पेंड."

2007 मध्ये हॉलंडच्या एका शिक्षिकेला, हान्नी व्हान आर्केल यांना, स्लोनच्याच फोटोत एक विचित्र डाग दिसला. आज तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. हे वाचल्यापासून काका डाग शोधतात. एकदा पहाटे साडेपाचला त्यांनी माझी बेल वाजवली. स्क्रीनवर एक लाल, एक हिरवा, जरा लांब एक निळा ठिपका. मीही क्षणभर गंभीर झालो. निघाला लघुग्रह. प्रत्येक रंगाच्या फिल्टरमधून फोटो वेगळा, मागोमाग घेतलेला. तेवढ्यात स्वारी पुढे सरकलेली. वर त्याला नंबरही कधीच मिळालेला.

खरी जखम मात्र 2017 ची. पुण्याच्याच खगोलशास्त्रज्ञांनी स्लोनच्या डेटातून दीर्घिकांचा अवाढव्य महासमूह शोधला आणि नाव ठेवलं सरस्वती.

"तो डेटा माझ्याकडेही होता!"

"उघडला होता?"

"बॅकअप घेतला होता."

परवा कोजागरीला ऐन वेळी लाइट गेले, म्हणून काका प्रथमच गच्चीवर आले. काकूंनी हातात मसाला दुधाचा पेला दिला आणि चंद्राकडे बोट दाखवलं. काकांनी डोळे बारीक केले.

"सॅच्युरेट झालाय. असला डेटा बाद करतात," म्हणाले, आणि पेला घेऊन लाइट आले का बघायला खाली गेले.