डिझाइन फ्री

जव्हार-मोखाड्याकडच्या फ्रीलान्स ग्राफिक डिझायनरला काम मिळत नाही, असं ज्याला वाटतं त्याने त्याचा व्हॉट्सअ‍ॅप एकदा उघडून बघावा. वाढदिवस, साखरपुडा, बारसं, दशक्रिया, टेनिस बॉलचे क्रिकेट सामने, हरिनाम सप्ताह, निवडीबद्दल अभिनंदन आणि निवड हुकली तर ‘जनसेवेस सदैव तत्पर’. रात्री साडेअकराला निरोप येतो, ‘भाऊ, जागा आहेस का?’ भाऊ जागाच असतो. नाशिकला किंवा मुंबईला कोर्स करून, चार वर्षं कुणाच्या तरी एसीत बसून तो गावी परतलेला असतो. कार्डावर नावाखाली ‘ब्रँडिंग अँड व्हिज्युअल आयडेंटिटी’ असं छापलेलं असतं आणि ते वाचून लोक त्याला आधार कार्डावरचा फोटो बदलता येईल का, असं विचारतात. तेव्हा कामाचा दुष्काळ नाहीच. दुष्काळ आहे तो पैसे देणाऱ्या कामाचा. त्याचं कारण डिझायनर सांगतो ते असं, की इथल्या लोकांना कलेची जाण नाही. हे निदान सोयीचं आहे, पण चुकीचं आहे. गिऱ्हाइकाला डिझाइन कळतं, आवडतं, त्यासाठी ते रात्री जागतंही. फक्त ज्याला हात लावता येत नाही आणि जे टेपने मोजता येत नाही, त्याचे पैसे द्यायचे असतात हे त्याला पटत नाही. यात जव्हार-मोखाडा जगाच्या मागे आहे, असं तर मुळीच नाही.

जाण किती बारीक असते, हे बघायचं तर एक साधा वाढदिवसाचा बॅनर घडताना बघावा. गिऱ्हाईक खुर्चीच्या मागे उभं राहतं आणि स्क्रीनवर थेट बोट टेकवतं. त्या बोटाचे ठसे पुसणं हाही धंद्याचाच भाग. वर एका ओळीत दिल्लीचे नेते छोट्या गोलांत, मग मुंबईचे त्याहून जरा मोठ्या गोलांत, मग जिल्ह्याचे, तालुक्याचे, आणि मधोमध गॉगल लावलेला वाढदिवसवाला, कमरेपासून वर, सगळ्यांहून मोठा. पण तो तालुकाध्यक्षांपेक्षा मोठा दिसतोय हे तालुकाध्यक्षांच्या लक्षात येता कामा नये. कुणाचं डोकं कुणापेक्षा किती सुताने मोठं, कोण कुणाच्या उजव्या हाताला, गेल्या महिन्यात पक्ष बदललेल्याचा गोल काढायचा की नुसता कडेला सरकवायचा, हे राजकारणाच्या प्राध्यापकाला जमणार नाही ते डिझायनरला जमतं. खाली शुभेच्छुकांचे चाळीस पासपोर्ट फोटो. त्यात एक राहिला की बॅनर पुन्हा छापायचा, आणि तो खर्च कुणाचा, हे सांगायला नको. मूळ फोटो तर बहुधा कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून कापलेला असतो आणि वाढदिवसवाल्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात असतो. तो हात पुसावा लागतो. पुसल्यावर तिथे खांदा नसतो. मग उरलेल्या सदऱ्यातून चौकडी उचलून, शिवणीची रेघ जुळवून, सावली देऊन डिझायनर नसलेला खांदा तयार करतो. दीड तास लागतो. खांदा इतका बेमालूम जमतो, की तो केलेला आहे हे कुणालाही कळत नाही. आणि कुणाला कळलं नाही, म्हणून त्याचे पैसेही नाहीत.

‘पाच मिनिटांचं काम आहे रे’ हे वाक्य गिऱ्हाईक लबाडीने बोलत नाही. त्याचा हिशोब सरळ असतो. फ्लेक्स चौरस फुटावर. बांबूची चौकट नगावर. मंडपवाला गाळ्यावर. बँजोवाला रात्रीवर, तोही निम्मे आगाऊ घेतल्याशिवाय गाडीतून पेटी उतरवत नाही. या सगळ्यांना तेच गिऱ्हाईक बिनतक्रार पैसे मोजतं, कारण प्रत्येकाकडे मोजायला काहीतरी आहे. डिझाइन कशावर मोजायचं? डिझायनर शहरातून शिकून आलेलं उत्तर देतो : ‘तासावर.’ इथे फसगत होते. काम जितकं सराईत तितके तास कमी, म्हणजे हुशार माणसाचं बिल बावळटापेक्षा कमी. शिवाय तासभर स्क्रीनसमोर बसलेला माणूस काम करतोय की रील्स बघतोय, हे खुर्चीच्या मागून कळत नाही. डिझायनरकडे जे मोजता येत नाही त्याचा मोबदला मग गिऱ्हाईक मानाने देतं. ‘खाली तुझंपण नाव टाकू ना, फोटोसकट.’ म्हणून अनेक बॅनरवर शुभेच्छुकांच्या शेवटच्या ओळीत, उजव्या टोकाला, जरा झोपाळलेला एक चेहरा दिसतो. ते त्याचं मानधन. निवडणुकीत तर तेवढंही नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे प्रचाराच्या पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं सक्तीचं आहे. ज्याने रात्रभर बसून ते पत्रक रचलं, त्याची कायद्यालाही आठवण झालेली नाही. अर्थात मजकुराखाली गोत्यात येणाऱ्यांचीच नावं छापायची असतात, हे लक्षात घेतलं तर ही उपेक्षा त्याच्या पथ्यावरच पडते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हा मुलूखच गरीब. दिवाळी उरकली की घरंच्या घरं वीटभट्टीवर नि बांधकामावर निघून जातात, पावसाच्या तोंडावर परततात. तिथे लोगोला कोण पैसे देणार? आक्षेप ऐकायला करुण आहे, पण हिशोबात बसत नाही. मजुरी करून आलेला बाप पोरीच्या लग्नाची पत्रिका छापायला येतो तेव्हा रोख मोजतो, उधारीचा शब्द काढत नाही. पत्रिका शंभराच्या गठ्ठ्याने हातात पडते, उचलून पिशवीत टाकता येते, मोजून घेता येते. पैसे राहतात ते त्याच्याकडे नाही. राहतात ते ज्याच्या गाडीची काच काळी आहे त्याच्याकडे, आणि सूर्यमाळच्या वाटेवर तंबू टाकून शहरातल्या पाहुण्यांना थंडी विकणाऱ्या हौशी मालकाकडे. त्याला नाव हवं, बोधचिन्ह हवं, पाटी हवी, इन्स्टाग्रामला टाकायला नऊ चौकोन हवेत, आणि जव्हारला महाबळेश्वर म्हणतात तसं आपल्या माळालाही काहीतरी म्हणायला हवं. हे सगळं झाल्यावर तो म्हणतो, ‘सीझन चालू होऊ दे, मग बघू.’ पाटी रंगवणाऱ्याचे मात्र त्याने त्याच दिवशी दिलेले असतात. पाटी लोखंडाची होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्या प्रदेशाची चित्रकला जगाने डोक्यावर घेतली, तिथे चित्राला मोल नाही असं कसं म्हणता? तर ही गोष्ट नीट बघू. वारली चित्रं कुडाच्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या निघत होती. लग्नाचा चौक सवाशिणी लिहायच्या, तांदळाच्या पिठाने, गेरूवर. तो कौतुकाचा होता, पवित्र होता, पण विकायचा नव्हता, आणि भिंत उचलून कुणाला नेताही येत नव्हती. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हातमाग-हस्तकला खात्याच्या कामासाठी या भागात फिरले, आणि तीच चित्रं कागदावर नि कापडावर उतरू लागली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं प्रदर्शन १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत झालं. पुढे त्यांची चित्रं परदेशी गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हसे यांची प्रतिभा कागदाने दिलेली नाही, ती त्यांचीच. पण किंमत सांगता आली ती चित्र गुंडाळून काखेत मारता आलं तेव्हा. दीनानाथ दलालांचंही उदाहरण याच जातीचं. दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं त्यांनी अमाप केली, पण १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचा वार्षिक अंक काढला, म्हणजे चित्राला वजन, पानं आणि छापील किंमत चिकटवली. आजचा आपला डिझायनर या दोघांचं नाव आदराने घेतो आणि स्वतः मात्र निराकार विकायला बसतो. वारलीचं म्हणाल तर रिसॉर्टच्या पाटीसाठी तो तारपानाच इंटरनेटवरून उतरवून घेतो. त्यात नाचणाऱ्यांची निम्मी रांग तारपेवाल्याकडे पाठ करून उभी असते. प्रत्यक्षात तसं कुणी नाचत नाही, आणि हे दाखवायला कोपऱ्यावरचा चहावाला पुरतो.

मग शहाणे लोक सुचवतात की गावच सोडा, म्हणजे देहाने नको, इंटरनेटवरून सोडा. फायवर आहे, अपवर्क आहे, ऑस्ट्रेलियातलं गिऱ्हाईक गाठा. डिझायनर तेही करतो. खोडाळ्याच्या वळणावर रेंज येते, पुढच्या वळणावर जाते, पावसाळ्यात वीजही तिच्या मागोमाग जाते, तरी करतो. पैसे मिळतात, शंभरातले वीस फायवर कापून घेतं, उरलेले येतात. यावरून तो समजतो की परदेशी माणूस कलेचा भोक्ता. पण तिथली दुकानाची मांडणी जरा बारकाईने वाचावी : बेसिक, स्टँडर्ड, प्रीमियम. इतक्या कल्पना, इतक्या दुरुस्त्या, इतक्या फाइली, इतक्या दिवसांत. ऑस्ट्रेलियन गिऱ्हाइकालाही कोणी कला विकत नाही, डबाबंद नग विकतात. आणि पैसे डबा उघडण्याआधी जमा असतात, बँजोवाल्यासारखे. उरला कायदा. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याने नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कागदावर हा डिझायनर सावकारालाही घाम फोडेल. पण थकवणारा गृहस्थ त्याच्या मेहुण्याचा चुलता असतो आणि परवाच्या हळदीला दोघं एका पंगतीत बसायचे असतात. जिलबी वाढता वाढता चक्रवाढ मागता येत नाही.

म्हणून जो टिकतो तो वेगळाच प्राणी असतो. दोन-तीन पावसाळे सोसल्यावर त्याच्या कार्डावरचं ‘व्हिज्युअल आयडेंटिटी’ जातं आणि स्टँडजवळच्या गाळ्यावर पाटी लागते : फ्लेक्स, लॅमिनेशन, पीव्हीसी कार्ड, पत्रिका, ट्रॉफी. आणि तळाला ठळक अक्षरात, ‘डिझाइन फ्री’. शहरातले त्याचे मित्र ही पाटी बघून हळहळतात. व्यवसायाचा दर पाडलास म्हणतात. त्यात तथ्य एवढंच, की पाटी खोटी आहे. डिझाइन फुकट नसतंच. ते चौरस फुटात मिसळलेलं असतं, कडीच्या भोकात असतं, ‘अर्जंट’च्या जादा पैशांत असतं. नसलेल्या खांद्याचा दीड तास तो आता ट्रॉफीच्या पितळेत वसूल करतो. एक खरी हानी मात्र मान्य केली पाहिजे : चौरस फुटाने पैसे मिळू लागले की चांगलं डिझाइन म्हणजे मोठं डिझाइन, आणि चार ओळींचं नेटकं कार्ड सुचवणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय. त्यामुळे गावात बॅनर लांब होत जातात. पण याचा दोष त्याला देण्याआधी चार ओळींच्या कार्डाचे पैसे देणारं एक गिऱ्हाईक शोधून दाखवावं.

आता म्हणे एआयने याचंही पोट मारलं. गिऱ्हाईक मोबाइलवर स्वतःच बॅनर करून येतं. मागे सोनेरी किल्ला, आकाशात गरुड, हाताला सहा बोटं, आणि ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ अशा काही अक्षरांत, की त्यातलं एकही अक्षर कोणत्याही लिपीत नाही. डिझायनर तक्रार करत नाही. एक बोट कमी करतो, अक्षरं बदलतो, सरपंचांचा गोल दोन सुतं वाढवतो, तालुकाध्यक्षांचा तीन. गिऱ्हाईक छाती फुगवून सांगतं, ‘डिझाइन तर मीच केलंय. तू फक्त प्रिंटचे घे.’ तो मान डोलावतो, टेप काढतो. दहा बाय वीस, दोनशे फूट. कड्यांचे वेगळे.