फाट्यावरचं परमब्रह्म

साबणाचा फेस का टिकतो, जेल का थरथरतं, हे संगणकात रेणूंचे मणी नाचवून बघायला आता दमडी लागत नाही. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेचं ‘लॅम्प्स’ घ्या, नाहीतर जर्मनीतलं ‘एस्प्रेसो’; दोन्ही फुकट, सोर्स कोडसकट. देवगाव फाट्यावर मोबाइलच्या नेटवरही उतरतं. खरी गंमत त्यानंतर. बांधणीची जुळणी करणारं ‘सीमेक’ म्हणतं, बूस्ट ही लायब्ररी नाही. बूस्ट आणलं की एमपीआय हवं. ते आणलं की पायथन जुनं. सातबाऱ्याच्या खिडकीवरचाच कारभार, फक्त इथे चहापाण्यानं भागत नाही. सगळं जुळून बांधणी 97 टक्क्यांवर येते आणि लाइट जाते. ‘मेक’ बिचारं सोडलं तिथूनच पुन्हा कामाला लागतं. लाइटीला तेवढीही रीत नाही.

पुण्यात सी-डॅकनं 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक उभा केला. पुढे आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ही अवतरलं. सेलू-जिंतूरकडच्यांना त्याचं दर्शन लांबूनच, तेही खातं मिळालं तर.

लॅपटॉप मग रात्रभर घरघरतो आणि पहाटे लॅम्प्स कळवतं: अणू हरवले, मूळ 4000, सध्या 3998. हरवलेले दोघे बहुधा परभणीच्या एसटीत बसले.